सरकारी नोकरीच्या अर्जाची मोफत कार्यशाळा, सॅन अँटोनियो: पाचपैकी चार

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या वेस्ट साइड या मुख्यतः हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषी देशांत मूळ असलेल्या) लोकांच्या भागात एका ग्रंथालयाच्या सभागृहात शनिवारी सकाळी मोफत कार्यशाळा भरते. विषय एकच, अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्ज कसा करायचा. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, त्यातले बरेचसे सरकारी खात्यांतून निवृत्त झालेले. आमच्या शेजारची मुलगी नुकतीच अकाउंटिंगची पदवीधर झाली, तिला घेऊन मी गेले आणि शेवटपर्यंत बसले. मग स्वतःहून पुन्हा गेले, कारण मला ते काम मनापासून आवडलं. एक गुण कापलाय, तो का तेही सविस्तर लिहिते.

मी स्वतः कित्येक वर्षं एका केंद्रीय खात्याच्या मनुष्यबळ विभागात काढली आहेत. जाहिरात तयार करायची, आलेले अर्ज छानायचे, पात्र ठरलेल्यांची यादी नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुठला अर्ज कशामुळे मागे पडतो हे मी जवळून पाहिलंय. या देशात सरकारी नोकरीत हिस्पॅनिक माणसं इतकी कमी का, हा प्रश्न मला नोकरीत असल्यापासून छळतो. देशाच्या एकूण श्रमशक्तीत त्यांचा वाटा १८ टक्क्यांच्या पुढे आहे. केंद्र सरकारच्या नोकरवर्गात तो नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या श्रेणीत त्याच्याही निम्म्यावर येतो. प्रयत्न झाले नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही. निक्सन यांनी १९७० मध्ये स्पॅनिश भाषिकांसाठी १६ कलमी कार्यक्रम काढला. क्लिंटन यांनी १२ ऑक्टोबर २००० रोजी आदेश क्रमांक १३१७१ काढून प्रत्येक खात्याला हिस्पॅनिक भरतीकडे लक्ष द्यायला लावलं. तेव्हा हा वाटा सहा-सात टक्के होता. म्हणजे पाव शतकात जेमतेम तीन टक्के वाढ, आणि तेवढ्या काळात हिस्पॅनिक लोकसंख्या कुठल्या कुठे गेली. २०२० च्या जनगणनेत ती ६ कोटी २१ लाख भरली.

आपल्याकडच्या वाचकांच्या मनात इथे लगेच आरक्षण येईल, म्हणून आधीच सांगते, इथे तसं काही नाही. हिस्पॅनिक असल्याचा एकही गुण कुणाला मिळत नाही, आणि वंश किंवा मूळ देश पाहून कुणाला घेणं किंवा नाकारणं १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं बेकायदा आहे. अर्जात वंशाची माहिती विचारतात ती ऐच्छिक असते आणि निवड करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोचतच नाही. जादा प्राधान्य मिळतं ते माजी सैनिकांना. तेव्हा सरकारच्या हातात उरतं ते एवढंच, की नोकरीची खबर जास्त लोकांपर्यंत जावी आणि अर्ज करणाऱ्याला अर्ज नीट जमावा. ही कार्यशाळा नेमकं ते काम करते. वर्ग घेणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की हे सर्वांसाठी खुलं आहे, आणि खरोखरच सभागृहात दोन-तीन कृष्णवर्णीय बायका होत्या, एक व्हिएतनामी जोडपं होतं आणि मी होते.

जागेबद्दल थोडक्यात. पार्किंग भरपूर, ग्रंथालयाचे लॅपटॉप मिळतात, मागच्या कोपऱ्यात मुलांसाठी रंगखडू आणि कागद ठेवलेले असतात. ही शेवटची सोय लहान वाटेल, पण तीन आया केवळ तिच्यामुळे शेवटपर्यंत बसू शकल्या. शिकवणं इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये मिसळून चालतं, पण अर्ज मात्र इंग्रजीत लिहून घेतात.

आता मुख्य गोष्ट, रेझ्युमे. खासगी नोकरीसाठीचा सुटसुटीत रेझ्युमे सरकारी जाहिरातीला जोडला की तो बहुधा तिथेच बाद होतो. छाननी करणाऱ्याला अंदाज बांधायची मुभा नसते. जाहिरातीत म्हटलेलं असतं की खालच्या श्रेणीच्या तोडीचं एक वर्षाचं विशेष अनुभवाचं काम हवं. ते एक वर्ष मोजायचं तर नोकरी कुठल्या महिन्यात सुरू झाली, कुठल्या महिन्यात संपली आणि आठवड्याला किती तास काम होतं, हे तिन्ही कागदावर लागतं. आठवड्याला वीस तास काम केलं असेल तर एका वर्षाचं सहाच महिने धरतात. तास लिहिलेच नसतील तर छाननी करणारा काय धरणार?

माझ्या शेजारच्या खुर्चीत चाळिशीचे एक गृहस्थ बसले होते. गोदामात काम करणारे. त्यांच्या कागदावर एका नोकरीबद्दल एकच ओळ होती: वेअरहाऊस लीड, २०१६ ते २०२२. स्वयंसेवक काका त्यांच्याजवळ येऊन बसले आणि एकेक विचारत गेले. कुठला महिना? आठवड्याला किती तास? हाताखाली किती माणसं? पाळ्या कोण लावायचं? मालाची मोजणी कोण करायचं आणि कशावर? हिशेब जुळला नाही तर कुणाला बोलावायचे? गृहस्थ सांगत गेले, आधी संकोचानं, मग जरा मोकळेपणानं. रात्रपाळीची सगळी माणसं त्यांच्या हाताखाली होती, नवीन माणसांना ते शिकवायचे, संगणकावरच्या साठ्याची आणि प्रत्यक्ष मालाची तफावत शोधून काढणं त्यांचं काम होतं. अर्ध्या तासात त्या एका ओळीच्या सात ओळी झाल्या, आणि त्यातली एकही फुगवलेली नव्हती. लष्करी तळावरच्या साठा व्यवस्थापनाच्या पदाला नेमकं हेच लागतं. काकांनी शेवटी तो मजकूर आणि जाहिरात शेजारी शेजारी ठेवून दाखवली, तेव्हा ते गृहस्थ दोन्ही कागद परत परत वाचत राहिले.

माझ्या मते सगळ्या कार्यशाळेची किंमत या अर्ध्या तासात आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालणाऱ्या हिस्पॅनिक वारसा महिन्यात कार्यालयांमध्ये भाषणं व्हायची, फलक लागायचे, मीही तिथे असायचे. त्यातून नवा अर्जदार आलेला मला आठवत नाही. अर्जदाराच्या खुर्चीला खुर्ची लावून बसणारं माणूस मात्र फरक पाडतं.

दुसरी गोष्ट स्वतःला गुण देण्याची. अनेक जाहिरातींबरोबर प्रश्नावली येते. अमुक काम तुम्हाला किती जमतं, याच्या उत्तरांत अजिबात अनुभव नाही इथपासून इतर लोक माझ्याकडे विचारायला येतात इथपर्यंत पर्याय असतात. मोठ्या माणसांसमोर स्वतःची टिमकी वाजवू नये अशा वळणात वाढलेली माणसं मधला पर्याय निवडतात आणि यादीच्या तळाला जातात. आपल्याला हे नवीन नाही. आपल्याही कितीतरी मुलामुलींना मुलाखतीत स्वतःच्या कामाबद्दल चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. कार्यशाळेत यावर फार चांगला उपाय करतात. प्रत्येकाला विचारतात, शेवटचं हे काम कधी केलंत, कुणी मदत केली, की तुम्हीच दुसऱ्याला मदत केलीत? उत्तर आलं की मगच पर्याय निवडायचा. खोटं बोलायची गरज पडत नाही आणि स्वतःला कमीही लेखलं जात नाही. २०२४ च्या डिसेंबरात झालेल्या कायद्यानं आता निव्वळ स्वयंमूल्यांकनावर विसंबण्याऐवजी प्रत्यक्ष कौशल्याच्या चाचण्या घ्यायला सांगितलं आहे. याचा फायदा अशाच अबोल, कामसू माणसांना व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

शेजारच्या मुलीचं सांगते. तिच्या रेझ्युमेवर पदवी होती आणि एका दुकानातली कॅशिअरची नोकरी होती. बाईंनी विचारलं, बिनपगारी काही केलंयस का? तेव्हा कळलं की कॉलेजात असताना तिनं करखात्याच्या व्हीटा या स्वयंसेवी उपक्रमात कमी उत्पन्नाच्या लोकांची आयकर विवरणपत्रं भरून दिली आहेत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेऊन, आणि निम्म्याहून जास्त लोकांशी ती स्पॅनिशमध्येच बोलत होती. हे तिनं लिहिलंच नव्हतं, कारण त्याचे पैसे मिळाले नव्हते. सरकारी अर्जात स्वयंसेवी कामही अनुभव म्हणून धरतात, तास लिहिले की झालं. सामाजिक सुरक्षा कार्यालयात, करखात्यात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात स्पॅनिश बोलणारं माणूस लागतं तेव्हा अशा अनुभवाचे दोन परिच्छेद सोन्यासारखे असतात.

यूएसएजॉब्स या सरकारी संकेतस्थळावर सप्टेंबर २०२५ पासून रेझ्युमे दोनच पानांचा चालतो. पूर्वी पाच-पाच पानं लिहायची पद्धत होती, त्यामुळे बाजारात मिळणारे बरेच नमुने आता कुचकामी आहेत. इथल्या मंडळींनी आपली पत्रकं बदलली आहेत, हे खास नोंदवते. महिने आणि तास ठेवून दोन पानांत बसवायचं म्हणजे शाळेत असतानाच्या जुन्या नोकऱ्या काढून टाकाव्या लागतात, आणि जाहिरातीशी संबंध नसलेलं कितीही प्रिय असलं तरी गाळावं लागतं. हे ते हाताला धरून करून घेतात.

वर्गात इतिहासाला दहा मिनिटं देतात. मी अर्धा तास दिला असता. या गावात ‘केली’ (Kelly) नावाचा हवाईदलाचा तळ होता, १९१७ पासूनचा. भरभराटीच्या काळात तिथे वीस हजारांच्या वर नागरी कर्मचारी होते आणि त्यात मेक्सिकन-अमेरिकन फार मोठ्या संख्येनं. वेस्ट साइडमधल्या कितीतरी घरांत पहिलं स्वतःचं घर, पहिला पदवीधर मुलगा हे केलीच्या पगारावर झालं. तिथे जागा निघाली की भाऊ भावाला सांगायचा, काका पुतण्याला अर्ज आणून द्यायचा. १९९५ मध्ये तळ बंद करायचं ठरलं आणि २००१ मध्ये तो बंद झाला. नोकऱ्या गेल्याच, पण अर्ज कसा भरायचा, कुणाला विचारायचं हे घरातल्या घरात मिळणारं ज्ञानही पुढच्या पिढीपर्यंत आलं नाही. सभागृहात एका आजींनी सांगितलं की त्यांचे यजमान केलीत विमानाची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्या नातवाला सरकारी नोकरीची जाहिरात कुठे पाहायची हे ठाऊक नव्हतं. तो त्यांच्या शेजारीच बसला होता.

बाईंनी लुएव्हानो खटल्याचाही उल्लेख केला. सत्तरच्या दशकात केंद्रीय प्रशासकीय पदांसाठी पेस नावाची लेखी परीक्षा होती. तिच्यामुळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक उमेदवार विनाकारण मोठ्या प्रमाणात गळतात, असा दावा १९७९ मध्ये एंजल लुएव्हानो आणि इतरांनी दाखल केला. १९८१ मध्ये न्यायालयासमोर तडजोड झाली, ती परीक्षा मागे घेतली गेली आणि स्पॅनिश भाषा आणि तो समाज जाणणाऱ्यांना घेण्याची वेगळी वाट काही काळ उघडली. ती तडजोड ऑगस्ट २०२५ मध्ये संपुष्टात आणली गेली. चाळीस वर्षांहून जास्त काळ लागू असलेल्या गोष्टीबद्दल सभागृहातल्या एकाही तरुणाला माहिती नव्हती.

आता जो गुण कापला त्याबद्दल. सर्वांत मोठी उणीव पत्रकात आहे. केंद्र सरकारच्या बहुतेक पदांना अमेरिकी नागरिकत्व लागतं, नुसतं ग्रीन कार्ड पुरत नाही. पत्रकावर याचा एक शब्द नाही. मी गेले त्या दिवशी एक बाई कामावरची सुट्टी टाकून आल्या होत्या, दोन तास मन लावून लिहीत होत्या, आणि मग पात्रतेच्या पानाशी आल्यावर त्यांना कळलं की त्यांचं नागरिकत्व अजून व्हायचंय. स्वयंसेवकांनी त्यांना अगदी मायेनं समजावलं, नागरिकत्वाच्या वर्गाचा पत्ताही दिला. पण हे दारातच सांगायला हवं. तसंच पुरुषांच्या सिलेक्टिव्ह सर्व्हिस नोंदणीचं. १८ ते २५ या वयात लष्करी भरतीच्या यादीत नाव नोंदवलेलं नसेल तर पुढे सरकारी नोकरी अडते, आणि वयाची २६ वर्षं पूर्ण झाली की नोंदणी करता येत नाही. लहानपणी या देशात आलेल्या मुलांना हे घरी कुणी सांगितलेलं नसतं. ही सूचना पहिल्या पाच मिनिटांत यायला हवी, ती शेवटी घाईघाईत आली.

दुसरी तक्रार उदाहरणांची. दाखवलेल्या जाहिरातींतल्या बऱ्याचशा सीमा गस्त आणि सीमाशुल्क खात्याच्या होत्या. तिथे हिस्पॅनिक माणसं आधीच भरपूर आहेत. सीमा गस्ती दलात तर जवळजवळ निम्मी. ही दोन्ही ज्यात येतात त्या अंतर्गत सुरक्षा खात्यातला मोठा आकडा सगळ्या सरकारची सरासरी वर ओढतो, आणि तो बाजूला काढला तर बाकीच्या खात्यांचं चित्र आणखी फिकं दिसतं. सभागृहात जीवशास्त्राची एक विद्यार्थिनी होती, एक सिव्हिल इंजिनिअर होता. त्यांच्यासाठी शेतकी खातं, लष्करी अभियंते, भूगर्भ सर्वेक्षण, आरोग्य संशोधन यांच्या जाहिराती दाखवायला काय हरकत होती? हिस्पॅनिक महाविद्यालयांच्या हाकू या संघटनेचं मुख्यालय याच गावात आहे आणि ती नव्वदच्या दशकापासून विद्यार्थ्यांना सरकारी खात्यांत इंटर्नशिपसाठी पाठवत आली आहे. तिचं नावही निघालं नाही.

आणि श्रेणीबद्दल कुणीच बोललं नाही, हे मला सर्वांत जास्त लागलं. नवा पदवीधर बहुधा जीएस-५ ला अर्ज करतो (जीएस म्हणजे सरकारी पगारश्रेणी, आकडा मोठा तशी श्रेणी वरची). पण पदवीला चारपैकी तीन किंवा त्याहून जास्त ग्रेड सरासरी असेल तर अनेक पदांसाठी तो थेट जीएस-७ ला पात्र ठरतो, आणि मास्टर्स असेल तर जीएस-९ ला. शेजारच्या मुलीची सरासरी ३.४ आहे आणि ती पाचलाच अर्ज करणार होती. मी मध्यंतरात तिला बाजूला घेऊन सांगितलं. खालून सुरुवात केली की पुढची प्रत्येक बढती उशिरा येते, आणि वरिष्ठ जागांवर हिस्पॅनिक माणसं का नाहीत याचं एक कारण इथेच सुरू होतं. हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात.

कार्यशाळेनंतरचा पाठपुरावाही नाही. सरकारी भरतीला सरासरी शंभर दिवसांच्या आसपास लागतात. तुमचं नाव अधिकाऱ्याकडे पाठवलं आहे असा निरोप येतो आणि मग आठवडेच्या आठवडे शांतता. घरभाडं थांबत नाही, म्हणून माणसं मिळेल ते काम धरतात आणि बोलावणं येतं तेव्हा निघून गेलेली असतात. महिन्यातून एकदा तासभर बसून अर्ज केलेल्यांची चौकशी केली, पार्श्वभूमी तपासणीच्या लांबलचक अर्जाला मदत केली, आई-वडील दोघांची मिळून लावलेल्या दोन आडनावांपैकी एकच दाखल्यावर आहे असली भानगड आधीच निस्तरली, तर कितीतरी जण टिकतील.

सध्या भरतीच कमी आहे, मग जायचं कशाला, असं काही जण विचारतील. जानेवारी २०२५ मध्ये भरती गोठवली, पुढे चार गेले तर एक घ्यायचा असं सूत्र आलं, आणि विविधतेसाठीचे कार्यक्रम आदेशानं बंद झाले. हे सगळं खरं आहे आणि कार्यशाळेत ते लपवत नाहीत. तरी लष्करी तळ, रुग्णालयं, सुरक्षा यांच्या जागा निघत राहतात. खात्यांतले हिस्पॅनिक भरतीचे कार्यक्रम आटत असताना असल्या सभागृहांची गरज मला जास्तच वाटते.

या गावात किंवा आसपास राहणाऱ्या, नागरिकत्व झालेल्या मराठी मंडळींनीही जरूर जावं. भारतातली पदवी असेल तर तिचं मूल्यमापन आधी करून ठेवा. जाताना जुन्या नोकऱ्यांचे महिने, आठवड्याचे तास, वरिष्ठांची नावं आणि कॉलेजचं गुणपत्रक घेऊन जा, आणि मनातली एक खरी जाहिरात छापून न्या. आयोजकांना मी पत्रकाबद्दल, श्रेणीबद्दल आणि पाठपुराव्याबद्दल लिहून दिलं आहे, आणि जीएस-७ वरची ती दहा मिनिटं मी स्वतः घ्यायला तयार आहे असंही कळवलं आहे.